मदत हवी आहे: कोरियन शेजारणीला मॅमोग्राफीसाठी कसं तयार करू?

नमस्कार. मी सिडनीत ईस्टवूडला राहते. आमच्या इमारतीखाली एका कोरियन बाईंचं कपडे अल्टर करायचं दुकान आहे. वय ५८, इथे येऊन बारा वर्षं झाली. मी त्यांना ओन्नी म्हणते, म्हणजे ताई. इंग्रजी गिऱ्हाइकापुरतं येतं: लांबी, चेन, गुरुवारी मिळेल.

परवा बटण शोधताना त्यांनी मशीनचा ड्रॉवर उघडला, तर बॉबिनांखाली ब्रेस्टस्क्रीनचं पत्र, म्हणजे कॅन्सर लवकर कळावा म्हणून मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करणाऱ्या इथल्या सरकारी योजनेचं. बिल असेल म्हणून तसंच ठेवलेलं. मी समजावलं की ५० ते ७४ वयाच्या बायकांना दर दोन वर्षांनी बोलावतात, पैसे लागत नाहीत, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, फोटो काढणारी बाईच असते. सगळं ऐकून म्हणाल्या, "दुखत नाही ना, मग कशाला?"

माझी आई अगदी हेच म्हणायची, गाठ हाताला लागेपर्यंत. त्यामुळे मला हे सोडून देववत नाही.

नंतर कळलं की कोरियात असताना त्या हीच तपासणी नियमित करायच्या! तिकडे चाळिशीपासून वर्षाआड बोलावतात, जन्मसाल सम की विषम त्यावर पाळी ठरते. रक्त, पोटाची दुर्बीण, मॅमोग्राफी, सगळं एका सकाळी उरकायचं. इथे आल्यावर ती वाटच हरवली. डॉक्टरकडे बोलायला मुलगा लागतो, आणि मुलासमोर छातीचा विषय त्या काढणार नाहीत. मला ते पटतं. मीही काढला नसता.

गाठ, स्राव असं काही नाही ना, हे विचारून घेतलंय. असतं तर थेट डॉक्टरकडेच नेलं असतं.

आता विचारायचं ते असं. ब्रेस्टस्क्रीनच्या १३ २० ५० या नंबरवर वेळ घेताना कोरियन दुभाषी मागितला, तर तो फक्त फोनपुरता मिळतो की तपासणीच्या दिवशीही? दुभाषीही बाईच हवी असं सांगता येतं का? मला खोलीत सोबत थांबू देतील का? आणि आई-सासूबाईंना कोणी तयार केलं असेल, तर नक्की कोणत्या बोलण्याने त्या उठल्या? भीती घालून मला न्यायचं नाही. यंत्र काही सेकंद दाबतं, तेवढं थोडं दुखतं, हेही मी खरं सांगितलंय.

सोमवारी त्यांचं दुकान बंद असतं. त्याआधी कळलं तर त्यांच्या शेजारी बसूनच फोन लावेन.