मदत हवी आहे: पर्मनंट सोडून वर्षभराचं कॉन्ट्रॅक्ट घ्यावं का?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. आयटीत १३ वर्षं झाली, सगळी टेस्टिंगमध्ये, हल्ली ऑटोमेशन. हिंजवडीतल्या एका सर्व्हिस कंपनीत साडेचार वर्षं पर्मनंट आहे. पॅकेज २२ लाख, पण व्हेरिएबल, दोन्हीकडचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि कर जाऊन हातात महिन्याला १ लाख ३० हजारांच्या आसपास पडतात. दिवाळीनंतर प्रोजेक्ट संपलं, तेव्हापासून बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना बसून. रोज लॉगिन करायचं, ट्रेनिंगचे व्हिडिओ लावून ठेवायचे आणि आरएमजीच्या (प्रोजेक्टवर माणसं नेमणाऱ्या विभागाच्या) मेलची वाट बघायची. मध्ये एक काम आलं होतं, ते चेन्नईला.

अशात खराडीतल्या एका परदेशी बँकेच्या टेक सेंटरमध्ये काम मिळतंय. पेमेंट्सच्या एपीआयसाठी टेस्टिंग फ्रेमवर्क शून्यातून उभं करायचंय, म्हणजे मला अगदी हवं तेच. मॅनेजरबाईंशी बोलणं झालं, त्याही बऱ्या वाटल्या. फक्त मध्ये व्हेंडर आहे, म्हणजे बँकेला माणसं पुरवणारी कंपनी. बारा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, पुढे ‘परफॉर्मन्स बघून कन्व्हर्ट करू’ (म्हणजे बँकेत पर्मनंट) असं तोंडी. व्हेंडर म्हणतो, आमच्या पेरोलवर या, वर्षाला २८ लाख देतो. नाहीतर स्वतः बिल लावा, महिन्याला २ लाख ६० हजार, वर जीएसटी.

आता घरचं. पुनावळ्याच्या फ्लॅटचा हप्ता ५० हजार. नवरा चाकणला पर्मनंट आहे, त्याच्या मेडिक्लेममध्ये सासूसासरे आहेत. माझे आईबाबा कराडला, ते माझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत. बाबांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, शुगर जुनीच आहे. माझं घोडं इथेच अडलंय. पैशाचं गणित कसंही जमवता येईल, पण पॉलिसी सुटली तर काय?

आई म्हणते, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. टीममधले म्हणतात, बेंचवरचं हातचं कसलं! कॉन्ट्रॅक्टवर प्रत्यक्ष काम केलेल्यांनी सांगावं. दोन पर्यायांपैकी कुठला बरा, आणि सही करण्याआधी काय काय विचारून घेऊ?

बिलेबल

ताई, मी सहा-सात वर्षं व्हेंडरमार्फतच काम करतोय, तेही बँकांमध्येच. काम तेच असतं, पण गळ्यातल्या पट्ट्याचा रंग वेगळा. टाऊनहॉलचं निमंत्रण शेजारच्याला येतं, तुम्हाला येत नाही. दोन महिन्यांत सवय होते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

वाईट वाटायला लावते ती डिसेंबरची फर्लो. बऱ्याच परदेशी बँका वर्षअखेरीस कॉन्ट्रॅक्टरांना सक्तीच्या बिनपगारी सुट्टीवर पाठवतात. कुठे एक आठवडा, कुठे दोन. व्हेंडरला क्लायंटकडून पैसे मिळाले नाहीत की तो तुमचेही कापतो. तेव्हा ‘महिन्याला २ लाख ६०’ हा आकडा ठाम आहे की दिवसाच्या दराला २१-२२ने गुणून काढलाय, ते आधी विचारा. दिवसाचा दर असेल तर गणपती, दिवाळी, तापाची रजा, सगळं तुमच्याच खिशातून. शुक्रवारी टाइमशीट भरायची राहिली तर पगार पुढच्या महिन्यावर, हे आणखी वेगळं.

दुसरं, नोटीस. क्लायंट व्हेंडरला १५ दिवसांत नारळ देऊ शकतो, आणि व्हेंडर तुमच्याकडून ६० दिवस लिहून घेतो. दोन्हीकडे समान दिवस करून मागा. मागितले तर बहुधा देतात, आपणच मागत नाही.

कन्व्हर्टचं तोंडी आश्वासन शून्य धरा. झालं तर बोनस. मॅनेजर बदलली की तिने दिलेला शब्दही तिच्याबरोबर जातो.

हिशेबनीस

स्वतः बिल लावायचं असेल तर गणित असं. वर्षाला ३१ लाख २० हजार म्हणजे सेवांसाठीच्या २० लाखांच्या मर्यादेच्या वर, त्यामुळे जीएसटी नोंदणी आलीच. १८ टक्के वर लावायचा आणि वेळेत भरायचा. व्हेंडरने पैसे थकवले तरी सरकार थांबत नाही.

प्राप्तिकरात आयटी व्यावसायिकांना अनुमानित उत्पन्नाची सोय आहे, ज्याला सगळे ४४एडीए म्हणतात. (१ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण लोकांच्या तोंडी जुनंच आहे.) जमा रोखीत नसेल तर ७५ लाखांपर्यंत निम्मी रक्कम उत्पन्न धरली जाते. म्हणजे तुमचे १५ लाख ६० हजार करपात्र, नव्या प्रणालीत कर सेस धरून साधारण १ लाख १९ हजार. व्हेंडर १० टक्के टीडीएस कापत असेल तर ३ लाख १२ हजार आधीच जातील, आणि १ लाख ९० हजारांच्या वरचा परतावा रिटर्न भरेपर्यंत सरकारकडे पडून राहील. हप्ता असलेल्या घरात हे लक्षात ठेवायला हवं.

कागदावर आकर्षक आहे, पण एक मेख आहे. क्लायंट एकच, वेळ त्यांची, रजा त्यांना विचारून, लॅपटॉप त्यांचा. अशा कामाला कर खातं ‘हा पगारच आहे’ म्हणू शकतं. करारातली भाषा सीएला दाखवल्याशिवाय सही करू नका.

आणि कर्ज. पगाराच्या स्लिपवर बँक लगेच उभी करते, व्यावसायिकाकडे दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागते. टॉप-अप किंवा बँक बदलणं मनात असेल तर ते आताच, नोकरीत असतानाच उरका.

ग्रॅच्युइटीचंही बघा. नियम पाच वर्षांचा आहे, पण मद्रास हायकोर्टाच्या एका निकालाच्या आधारे ४ वर्षं २४० दिवस झाले तरी काही कंपन्या देतात. तुमची ९० दिवसांची नोटीस असेल आणि ती पूर्ण केलीत तर तिथे पोचाल. तुमच्या पॅकेजला रक्कम दोन लाखांच्या वर जाते. एचआरला आधी सहज विचारल्यासारखं विचारा, राजीनामा नंतर.

चहाटळ

पर्मनंट म्हणजे नक्की किती दिवस, हेही एकदा एचआरला विचारा. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार लोक कमी करणार म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून आमच्या सासरेबुवांनी जावयाच्या नोकरीबद्दल अभिमानाने बोलणं बंद केलंय.

टेम्सवासी

मी लंडनमध्ये बरीच वर्षं कॉन्ट्रॅक्टवर होतो. इथे आयआर३५ नावाचा नियम आहे. हिशेबनीस म्हणतात तोच प्रश्न: हा खरा व्यावसायिक की वेषांतर केलेला नोकर? एप्रिल २०२१ पासून खाजगी क्षेत्रातल्या मध्यम आणि मोठ्या कंपन्यांवर ते ठरवायची जबाबदारी आली, आणि कित्येक बँकांनी डोकेदुखी नको म्हणून स्वतःची कंपनी काढलेले कॉन्ट्रॅक्टर घेणंच थांबवलं. मीही तेव्हाच पर्मनंट झालो.

तरी इथल्या अनुभवावरून तुम्हाला सल्ला द्यायला कचरतो. इथे आजारपणाला एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा आहे, ते नोकरीशी बांधलेलं नाही. कॉन्ट्रॅक्ट सुटलं तर पैशाची चणचण होते, पण इस्पितळाची धास्ती नसते. तुमच्याकडे आईवडिलांचं दुखणंच नोकरीच्या खुंटीला टांगलेलं आहे. त्यामुळे टीममधल्या अविवाहित मुलांचं ऐकून ठरवू नका.

बिलेबल

@टेम्सवासी, अगदी. मेडिक्लेमचं माझ्याकडून: व्हेंडरच्या पॉलिसीत बहुतेक ‘स्वतः, जोडीदार, दोन मुलं’ एवढंच असतं. पालक हवे असतील तर हप्ता आपला, किंवा सोयच नाही.

पण सगळंच सुटतं असं नाही. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं. आतापर्यंतची वर्षं प्रतीक्षाकाळात धरली जातात, आणि हाच त्यातला फायदा. नवीन पॉलिसी घेतलीत तर आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणजे स्टेंट आणि शुगर दोन्ही बाहेर. मात्र विमा कंपनी तपासणी करू शकते, को-पे (बिलातला ठरावीक वाटा आपल्या खिशातून) लावू शकते. राजीनाम्यानंतर धावाधाव करू नका, अर्ज आधी. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढाच हप्ता हलका.

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. व्हेंडरशी आज बोलले. फर्लो आहे, डिसेंबरचे शेवटचे दोन आठवडे, विचारलं म्हणून सांगितलं. पालकांना कव्हर नाही. नोटीस मात्र दोन्हीकडे ३० दिवस करायला तयार झाले, तेही फार ताणून न धरता. म्हणजे बिलेबल म्हणाले तसं, मागितलं नसतं तर राहिलंच असतं.

बिलाचा पर्याय मी मनातून काढलाय. जीएसटीची रिटर्न्स आणि अडकलेला परतावा हे माझ्याच्याने होणार नाही. पेरोलवर यायचं तर २८चे ३० करा म्हटलंय, वरचे दोन लाख सरळ आईबाबांच्या हप्त्याला. नियुक्तीपत्रात ‘फिक्स्ड टर्म’ लिहा असंही म्हटलं, कारण २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा नेमणुकीला एका वर्षावर ग्रॅच्युइटी आहे. त्यावर पलीकडे जरा शांतता पसरली, मग ‘लीगलला विचारून सांगतो’.

बाबांची फाइल घेऊन शनिवारी कराडहून भाऊ येतोय. विमा कंपनीने डिस्चार्ज समरी आणि गेल्या सहा महिन्यांचे रिपोर्ट मागितलेत. स्टेंट असलेल्या पालकांना ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत इथे प्रत्यक्ष कोणी नेलंय का? किती दिवस लागले, आणि को-पे किती लावला? त्यांचं उत्तर आल्याशिवाय राजीनामा टाकणार नाही, आणि खराडीवाले आणखी दहाच दिवस थांबतायत.