संधी, तह की करार?

रामबागकर (इंदूर):
भारताने २३ एप्रिल २०२५ला सिंधूच्या पाण्याचा करार स्थगित केला, तेव्हाची गोष्ट. माझी लेक हिंदी पेपर वाचता वाचता आजीला म्हणाली, "आजी, सिंधू जल संधी स्थगित झाली." आई साताऱ्याहून लग्न होऊन इंदुरात आलेली. तिने पोळी लाटता लाटता विचारलं, "कुणाची संधी गेली गं?" दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. आता लेकीला याच विषयावर मराठीत पानभर लिहायचंय. ‘संधी’ चालेल का? की ‘तह’ म्हणायचं?

लष्करची मावशी (ग्वाल्हेर):
अरे, लेकीचं अगदीच चुकलेलं नाही. परराज्यांशी वागायच्या कौटिल्याच्या सहा गुणांत (धोरणांत) पहिला संधीच आहे, आणि त्याचा अर्थ त्याने ‘पणबंध’ असा दिलाय, म्हणजे अटींनी बांधून घेणं. हिंदीने तो अर्थ सांभाळला. मराठीत ‘ती संधी’ म्हणजे मोका आणि ‘तो संधी’ व्याकरणापुरता उरला. एक ‘शस्त्रसंधी’ तेवढा शिल्लक आहे, तो मात्र रोज पेपरात असतो. तरी नुसतं ‘सिंधू जल संधी’ मराठीत लिहू नये. वाचणारा तुझ्या आईसारखाच अडखळेल.

छत्रीबागकर (इंदूर):
मावशींशी सहमत. पण ‘तह’ही इथे बसत नाही. तहामागे लढाई असते, म्हणून तर आपण ‘युद्धात जिंकले आणि तहात हरले’ म्हणतो. इंदूरकरांना हे वेगळं सांगायला नको. २१ डिसेंबर १८१७ला महिदपूरला होळकर हरले आणि सोळा दिवसांत, ६ जानेवारी १८१८ला, मंदसौरचा तह झाला. सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला. पण मला त्याहून मोठं नुकसान दुसरंच वाटतं : कंपनीच्या रेसिडेंटला (दरबारात बसवलेल्या प्रतिनिधीला) विचारल्याशिवाय दुसऱ्या कुठल्या दरबाराशी बोलणी करायची नाहीत, हे कबूल करावं लागलं. तह करण्याचा हक्कच तहात गेला! ‘सार्वभौम’ हा शब्द मुलांना व्याख्येतून कळत नाही. रेसिडेन्सी कोठीसमोर उभं करून ही गोष्ट सांगितली की कळतो.

सिंधूचा कागद तसा नाही. १९ सप्टेंबर १९६०ला कराचीत नेहरू आणि अयूब खान यांनी त्यावर सह्या केल्या, जागतिक बँक मध्यस्थ होती. रावी, बियास, सतलज आपल्याकडे. सिंधू, झेलम, चिनाब यांचं बहुतेक पाणी पाकिस्तानला. इथे ‘करार’ हाच शब्द रुळलाय आणि तोच लिहावा. (१९७२चा शिमल्याचा कागद लढाईनंतरचा, तरी त्यालाही आपण करारच म्हणतो. व्हर्सायचा मात्र तहच. म्हणजे नियम काटेकोर नाही.)

फक्त एक सांभाळा. घरभाड्याचाही करारच असतो. भाडेकरूने तो मोडला तर मालक कोर्टात जातो, आणि भाडेकरूची इच्छा असो-नसो, खटला चालतो. दोन देशांत तसं नाही. हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय दोन्ही देशांनी या ना त्या रूपाने संमती दिली असेल तरच खटला ऐकतं. तिथे दिलेला शब्दच कायदा असतो. लेकीच्या निबंधात हे यायलाच हवं, नाहीतर ‘करार’ लिहूनही ती भाडेपट्टाच समजेल.

लष्करची मावशी:
‘शिक्कामोर्तब’ही येऊ दे, म्हणजे सहीनंतर सरकारने करार पक्का करणं. सरकारी मराठीतलं ‘अनुसमर्थन’ मुलांच्या जिभेवर बसत नाही. आमच्या ग्वाल्हेरजवळच्या सालबाईला १७ मे १७८२ला मराठे आणि इंग्रजांचा तह झाला, महादजी शिंदे मधे होते. इंग्रजांच्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने जूनमध्येच मान्यता दिली. पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस थांबून राहिले, कारण म्हैसूरचा हैदर अली अजून इंग्रजांशी लढत होता. तो डिसेंबरात वारला आणि तह पक्का व्हायला फेब्रुवारी १७८३ उजाडला. सही आणि शिक्कामोर्तब यांच्यात किती राजकारण मावतं बघ.

छत्रीबागकर:
वा मावशी! त्याच्या आधीचा वडगावचा तह, जानेवारी १७७९, हाही सांगण्यासारखा. सही करणाऱ्यांना तशी मुखत्यारी, म्हणजे सरकारच्या वतीने सही करायचा अधिकारच, नव्हती म्हणून इंग्रजांनी तो झिडकारला. आजही परक्या देशाशी करार करताना सही करणाऱ्याची मुखत्यारी बघितली जाते. किती नेमका शब्द आहे हा, आणि आपण तो सातबाऱ्याच्या कामापुरता ठेवलाय.

रामबागकर:
दादा, मावशी, दोघांचे आभार. एकच उरलं : लेकीने ‘रद्द’ लिहिलंय, पेपरात ‘स्थगित’ आहे. फरक पडतो का?

छत्रीबागकर:
पडतोच. रद्द म्हणजे कागद संपला. स्थगित म्हणजे कागद आहे, पाळणं थांबवलंय. देशादेशांतल्या करारांचे नियम सांगणाऱ्या १९६९च्या व्हिएन्ना करारातही या दोन गोष्टी वेगळ्या मांडल्या आहेत. शिवाय सिंधू कराराच्या बाराव्या कलमात लिहिलंय की दोन्ही सरकारांनी नवा करार करून शिक्कामोर्तब करेपर्यंत हा चालू राहील. एकट्याने स्थगित करायचं कलम त्यात नाही, आणि वाद नेमका त्यावरच आहे. तिला ‘स्थगित’च लिहायला सांगा.

रामबागकर:
सांगितलं. तिने खोडून नीट लिहिलं. आता आजी तिला विचारतेय, मोर्तब म्हणजे कागदाच्या वर की खाली?

लष्करची मावशी:
शिक्का वर, मोर्तब शेवटी.