कौटुंबिक दाव्यातली मवाळ भाषा: अशिलाचे हित की वकिलांची सोय?

धागाकर्ती (वकील, इंदूर): घटस्फोटाच्या अर्जात सिद्ध करता येईल तेवढीच घटना लिहायची आणि विशेषणे गाळायची, हा माझा नियम आहे. एका अशील बाईंनी सात पाने लिहून आणली होती. सासूचे माहेर, दिराची नोकरी वगळता तारखांसकट दीड पान उरले. आपल्याकडे भांडण मराठीत होते आणि अर्ज हिंदीत लागतो. त्या उलथापालथीत ‘तापट’चा ‘हिंसक’ व्हायला वेळ लागत नाही. कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम ९ ने समेटाचा प्रयत्न न्यायालयावरच सोपवला आहे, तर कलम १३ प्रमाणे पक्षकाराला तिथे वकील हक्काने मिळत नाही. मग सामोपचार सोडून आखाडा आम्हीच का मांडावा?

असहमत: विशेषणे खुशाल गाळा. पण ‘सामोपचार’ म्हटले की मला बहिणीचे अकरा महिने आठवतात. समुपदेशनाच्या तारखा पडत गेल्या, दोन्ही वकील एकमेकांशी गोड बोलत राहिले, अंतरिम पोटगीचा अर्ज मात्र लागलाच नाही आणि तोवर दुकान दिराच्या नावावर झाले. ज्याच्या हाती पैसा, त्याला उशीर परवडतो. मारहाण झालेल्या बाईला नवऱ्यासमोर बसवून समजूत काढणे तर मला सभ्यपणाही वाटत नाही.

धागाकर्ती: ती हयगय झाली, सामोपचार नव्हे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ चा, म्हणजे अंतरिम पोटगीचा, अर्ज मी मुख्य अर्जासोबतच लावते. सर्वोच्च न्यायालयाच्या रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालाप्रमाणे दोघांनाही मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र द्यावे लागते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, म्हणजे अर्ज दाखल करणे जितके लांबेल तितके महिने बुडाले. मारहाणीबाबत तुमचे म्हणणे मान्य आहे: तिथे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालचा संरक्षण आदेश आधी, आणि मध्यस्थी बाईंची इच्छा असेल तरच.

एक घटस्फोटित वाचक: आमचा घटस्फोट अखेर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली सहमतीने झाला. पहिल्या अर्जात मात्र मी दारुडा असल्याचे एक वाक्य होते. तो अर्ज मागे घेतला गेला, पण आईने तोवर तो वाचला होता. आजही लग्नाघरी मी सरबताचा पेला उचलला की ती आधी त्याकडे बघते.

असहमत: हे पटते. तरी एक विचारतो: पोटगीचा अर्ज कोणत्या तारखेला लागेल, हे तुम्ही पहिल्याच भेटीत अशिलाला लेखी देता का? बहिणीला ते कोणी सांगितलेही नव्हते.

धागाकर्ती: तोंडी सांगते. लेखी द्यायला हवे, हे खरे.