पांदण रस्त्यांसाठी मोटारसायकल: हलकी घ्यावी की दमदार?

पांदणवाटसरू (मनीषनगर)

नमस्कार. माझे वय 43 असून उंची 5 फूट 5 इंच आहे. रोज नागपुरातल्या मनीषनगरहून बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत जाणे-येणे असते आणि महिन्यातून दोन-तीन रविवार मी झिल्पी तलावाच्या बाजूला, कोंढाळीच्या पलीकडच्या टेकड्यांवर किंवा रामटेकहून खिंडसीकडे मुरमाच्या वाटांनी भटकत असतो. आतापर्यंत हे सारे ऑफिसला न्यायच्या 125 सीसीच्या गाडीवरच चालले होते, पण मागच्या पावसाळ्यात तिची पुढची रिम दगडावर आपटून वाकली आणि घरच्यांनी निर्वाणीचा इशारा दिला.

बजेट दोन लाखांपर्यंत आहे. नवी हीरो एक्सपल्स 200 4व्ही घ्यावी, की तेवढ्याच किंवा कमी पैशांत जुनी रॉयल एनफिल्ड हिमालयन 411 घ्यावी, एवढाच प्रश्न आहे. वेग मला नको. देखभाल कमी असावी आणि दर महिन्याला गॅरेजची पायरी चढावी लागू नये, ही मुख्य अट.

सातपुडा_भटक्या

दोन्ही गाड्या मी वापरल्या आहेत. हिमालयन चार वर्षे माझ्याकडे होती, आता एक्सपल्स आहे. तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरूनच वाचावे.

कागदावर हिमालयन सरस वाटते. तिचा टॉर्क (म्हणजे ओढण्याची ताकद) 32 न्यूटन मीटर आहे, तर एक्सपल्सचा 17.35. सावनेर-सौंसर मार्गे छिंदवाडा आणि पुढे तामिया-पातालकोटपर्यंत जायचे असेल, तर हिमालयनवर माणूस थकत नाही, हे मान्यच करावे लागेल. परंतु वजनाचा विचार करा. हिमालयन सुमारे 199 किलोची आहे आणि एक्सपल्स 160 किलोच्या आत. हा चाळीस किलोंचा फरक डांबरी रस्त्यावर जाणवतही नाही. तो जाणवतो गाडी आडवी पडल्यावर. कोंढाळीच्या पुढे एका कोरड्या नाल्यात माझी हिमालयन अशी पडली, की हँडल उताराच्या बाजूला आणि चाके वर. मी एकटा होतो. तासाभराने बैलगाडी घेऊन जाणारे एक काका आले, तेव्हा कुठे ती उभी झाली, आणि "एवढी जड गाडी कशाले घेतली भाऊ?" हा त्यांचा प्रश्न मला पुढे गाडी विकताना आठवला. रविवारी तुम्ही एकटेच जाणार असाल, तर पडलेली गाडी एकट्याने उचलता येते का, हा प्रश्न इंजिनच्या आकड्यांआधी स्वतःला विचारावा.

पुढचे चाक दोन्हींना 21 इंचांचे आहे, त्यामुळे दगडधोंड्यांवरून जाण्यात फार डावे-उजवे नाही.

जुना_फिटर

वरील मताशी मी सहमत आहे. पण "देखभाल कमी" या अटीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इकडच्या काळ्या मातीत ती अट गाडीपेक्षा मालकावर अधिक अवलंबून असते.

आपल्याकडची कापसाची माती ओली झाली की टायरला थरावर थर चढवत जाते आणि चाक व मडगार्ड यांमधील फट भरली की चाक अक्षरशः जाम होते. त्यामुळे कोणतीही गाडी पाहताना टायर आणि मडगार्ड यांत किती जागा आहे, हे बोट घालून पाहावे. हीच माती वाळली की पिठासारखी उडते आणि एअर फिल्टरमध्ये जाऊन बसते. वाटांवर फिरणाऱ्या गाडीचे इंजिन अकाली झिजले, तर मी सर्वांत आधी फिल्टरच उघडून पाहतो. मालकाने ऑइल वेळेवर बदललेले असते, चेन चकचकीत असते, पण फिल्टरचे झाकण शोरूममधून निघाल्यापासून उघडलेलेच नसते. उन्हाळ्यात दर तीन-चार फेऱ्यांनंतर ते उघडून पाहण्याची सवय लावावी.

दोन्ही गाड्यांच्या इंजिनांना रेडिएटर नाही, हा तुमच्या दृष्टीने मोठा फायदा आहे. कूलंट, होज, पाण्याचा पंप, पंखा यांपैकी काहीच नसल्याने बिघडण्यासारखे भागही कमी. ऑइल कूलर मात्र दोन्हींना आहे. त्याच्या जाळीत चिखल वाळू देऊ नये, नाहीतर मे महिन्यातल्या 45 अंशांत तो नावापुरताच उरतो. चिखल काढायला प्रेशर पंपाची धार बेअरिंग किंवा चेनवर कधीही मारू नये. त्या धारेने ग्रीस बाहेर पडते आणि पाणी आत जाते.

जुनी हिमालयनच घ्यायची ठरली, तर गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करावे आणि हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवावे. मधोमध खाच लागल्यासारखे अडले, तर स्टेअरिंगच्या बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. मागच्या सस्पेन्शनच्या लिंकेजला (चाक आणि शॉक-अब्सॉर्बर जोडणाऱ्या सांध्यांना) शेवटचे ग्रीस कधी झाले, हेही विचारावे. उत्तर बहुधा मिळणार नाही. 2023 च्या अखेरीस नवी हिमालयन 450 आल्यानंतर 411 बंद झाली असली, तरी त्या इंजिनाला हात लावणारे मेकॅनिक शहरात पुष्कळ आहेत. काटोल किंवा रामटेकच्या गॅरेजात मात्र हीरोच्या गाडीला लवकर हात लागेल, एवढे निश्चित.

रेती_आणि_रबर

एक राहून गेले. दोन्ही गाड्यांना स्पोकची चाके आणि ट्यूबचे टायर आहेत, म्हणजे पंक्चर झाल्यावर चाक काढणे आलेच. गावोगावच्या पंक्चरवाल्याकडे 21 इंची ट्यूब मिळेलच असे नाही, म्हणून ती स्वतःजवळ बाळगावी. अडचणीच्या वेळी तीच दुमडून मागच्या चाकात (एक्सपल्सचे 18 इंची, हिमालयनचे 17 इंची) घालून घरापर्यंत येता येते. नव्या गाडीचे स्पोक पहिल्या काही खडबडीत फेऱ्यांनंतर एकदा ताणून घ्यावेत.

पेंच आणि उमरेड-कऱ्हांडला या बाजूंना वाट कितीही मोहात पाडणारी असली, तरी अभयारण्याच्या हद्दीत गाडी घालू नये. राखीव वनातही आधी वनविभागाची परवानगी घ्यावी. आपल्याला पांदण रस्ते पुष्कळ आहेत.

पांदणवाटसरू (मनीषनगर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल एक्सपल्सवर बसून पाहिले. सीटची उंची 825 मिलिमीटर असल्याने दोन्ही पाय एकाच वेळी टेकत नाहीत, चवड्यांवर तोल धरावा लागतो. शोरूममधील मुलाने सीटचा फोम कापून घ्यायचा सल्ला दिला. तसे करावे का?

जुना_फिटर

लगेच करू नका. आधी जाड तळव्याचे बूट घालून पुन्हा बसून पाहा, आणि थांबताना दोन्ही पाय टेकण्याचा हट्ट सोडून किंचित एका बाजूला सरकून डावा पाय पूर्ण टेकवा. उजवा पाय ब्रेकवरच राहू द्या. महिनाभरात ते अंगवळणी पडते. एकदा कापलेला फोम परत जोडता येत नाही, आणि बुटीबोरीच्या रोजच्या फेरीत तोच फोम तुमच्या कामी येणार आहे.