मदत हवी आहे: झ्यूस क्तेसिओसचा घट
प्राचीन अथेन्समधील घरगुती उपासनेचा अभ्यास करताना मी झ्यूस क्तेसिओस या कोठाराच्या रक्षणकर्त्या देवाच्या घटापाशी अडकलो आहे. घटाच्या कानांना पांढरी लोकर गुंडाळून आत शुद्ध पाणी, ऑलिव्हचे तेल आणि नाना फळे घालावीत, असा विधी अथेनिअस या प्राचीन ग्रीक लेखकाच्या ग्रंथात टिकून आहे. भव्य मंदिरांपेक्षा हा साधा घटच मला त्या धर्माच्या अधिक जवळचा वाटतो. अथेन्समधील वक्ता इसेअस याच्या आठव्या न्यायालयीन भाषणात ज्यांच्या वारशाचा वाद आहे ते आजोबा तर या देवाच्या यज्ञात गुलामांना किंवा बाहेरच्यांना सामील करून न घेता सारे स्वहस्ते करीत. इ.स.पू. ३४८ मध्ये उद्ध्वस्त झालेल्या ऑलिंथस या ग्रीक नगराच्या काही घरांत वेदी सापडल्या आहेत. तसा या घटाचा उत्खननातील पुरावा कोठे प्रसिद्ध झाला आहे का आणि त्यातील द्रव्ये केव्हा बदलत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.