केबल डिजिटल झाल्यावर व्हीसीआरवर (व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डरवर) मुद्रण, म्हणजे रेकॉर्डिंग, कसे करावे? (२०१३ च्या सुरुवातीचा संवाद)

कोथरूडकर : येत्या ३१ मार्च २०१३ रोजी केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांत, म्हणजे आपल्या पुण्यातही, अ‍ॅनालॉग केबल (बॉक्सशिवाय चालणारी जुनी पद्धत) बंद होणार आहे. आजवर केबलची वायर थेट व्हीसीआरला जोडलेली असल्याने एक वाहिनी पाहताना दुसरी मुद्रित करता येत असे. सेट-टॉप बॉक्स आल्यावर हा व्हीसीआर भंगारात काढावा लागेल काय?

दादरकर : मुंबईत हे ऑक्टोबर २०१२ अखेरीसच झाले. कृपया व्हीसीआर भंगारात देऊ नका, कारण केबलपुरता निकामी होतो तो केवळ त्यातील ट्यूनर (वाहिनी पकडणारा भाग). बॉक्सच्या मागील पिवळी, पांढरी व लाल वायर व्हीसीआरच्या ‘इन’मध्ये आणि व्हीसीआरची ‘आउट’ टीव्हीला जोडून, मुद्रणाच्या वेळी व्हीसीआरवर वाहिनीऐवजी ‘एव्ही’ (या वायरींवरून येणारे चित्र व आवाज) निवडावे. मात्र टायमर लावून बाहेर जाताना बॉक्स चालू ठेवून त्यावर हवी ती वाहिनी आधीच लावावी लागते, अन्यथा व्हीसीआर इमानेइतबारे तीन तास निळा पडदा मुद्रित करतो. (हे अनुभवाचे बोल आहेत.)

कोथरूडकर : आभारी आहे. मग एक पाहणे व दुसरे मुद्रित करणे संपलेच?

सातपूरकर : एका बॉक्समधून एका वेळी एकच वाहिनी बाहेर पडत असल्याने त्यासाठी दुसरा बॉक्स घ्यावा लागेल. छतावरील अँटेनावरून येणारे दूरदर्शन मात्र केबलच्या या बदलात येत नाही. ते सध्या, २०१३ मध्ये, जुन्या ट्यूनरवर पूर्वीप्रमाणेच मुद्रित करता येते.