मुलांच्या विनोदी गोष्टीतला विनोद कुठे सांडतो?

अर्धा_खडू
चौथीला शिकवते. 'माझी फजिती' या विषयावर विनोदी गोष्ट लिहायला दिली होती. ३६ वह्या तपासल्या. जवळजवळ प्रत्येकीत कुणीतरी पडतं आणि पुढचं वाक्य ठरलेलं: "मग सगळे खूप खूप हसले." मला एकदाही हसू फुटलं नाही. हीच कार्टी मधल्या सुट्टीत तोच किस्सा सांगतात तेव्हा ऐकणारे गडाबडा लोळतात! वर्णन करा म्हटलं की विशेषणांची माळ लावतात, मोठ्ठा काळा भयंकर कुत्रा. उपमा अलंकार तर व्याख्येसकट शिकवून झालाय. कुठे चुकतंय?

शाईचा_डाग
खडूताई, व्याख्येसकट शिकवलात तिथेच माशी शिंकली असणार :)

मी मुलांचे लेखनवर्ग घेते. पहिल्याच दिवशी 'हसले', 'गंमत', 'मज्जा' हे शब्द कुलपात. हसायचं काम वाचणाऱ्याचं, ते आपण उरकून टाकलं तर त्याला काय उरलं?

दुसरं, मुलं पडणं लिहितात, पडण्याआधीचा तोरा लिहीत नाहीत. "काका चिखलात पडले" यात काय आहे? पण काकांनी इस्त्रीची पांढरी पँट दोन बोटांनी वर धरली, "चिखलात कसं चालायचं ते नीट बघून ठेवा" असं सगळ्यांना बजावलं आणि पहिलं पाऊल टाकलं... इथे पेन थांबवायचं. उरलेलं एका आवाजात.

आवाजांच्या बाबतीत मराठी फार सढळ आहे, आणि आपण मुलांना नुसतं 'पडला' लिहू देतो. मी विचारते, उशी कशी पडते? पातेलं कसं? पिळायचा राहिलेला टॉवेल कसा? टॉवेलवरून एकदा वर्गात दोन तट पडले, 'फदकन' आणि 'पचकन'. शेवटी एकीने खराच टॉवेल भिजवून आणला. तीनदा आपटून बघितला. निकाल लागला नाही, फरशी मात्र पुसावी लागली. पण त्या दिवसानंतर कुणी नुसतं 'पडला' लिहिलं नाही.

उपमेचं म्हणाल तर सशासारखा पांढरा, बर्फासारखा थंड हे सगळं घासून गुळगुळीत झालेलं. त्यापेक्षा नीट बघायला लावा. "सर रागाने लाल झाले" असं लिहिणाऱ्या मुलाला मी विचारलं, आधी काय लाल होतं? तो म्हणाला, कान. मग वाक्य झालं, "सर कानांपासून लाल व्हायला सुरुवात करतात." एकही अलंकार नाही, तरी हसू येतं.

अतिशयोक्तीसाठी मात्र व्याकरणातलं ते जुनं दमडीच्या तेलाचं उदाहरणच काढा. एवढ्याशा तेलात घरादाराचं उरकतं आणि शेवटी ओघळातून उंट पोहून जातो. मुलं उंटाला हसतात. मला विचाराल तर खरी मेख मध्येच आहे, उरलेलं तेल झाकून ठेवलंय तिथे. थाप केवढी, आणि सांगणारीच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही.

मधली_सुट्टी
शब्दबंदीबद्दल माझं जरा वेगळं मत. बुजरी मुलं बंदी म्हटलं की पेनच खाली ठेवतात. सुट्टीत हसवतात म्हणता ना, मग तिथूनच उचला. आधी तोंडी सांगू दे, मोबाईलवर रेकॉर्ड करा, मग ऐकत ऐकत त्यालाच उतरवू दे. बोलताना मूल बरोबर जागी थांबतं, लिहिताना तिथेच 'आणि मग' घालतं.

आणि एक, जाडेपणा, तोतरेपणा यावरचे विनोद पहिल्याच तासाला बाजूला काढा. फजिती स्वतःची. नाहीतर वस्तूला बोलू द्या, म्हणजे चेतनगुणोक्ती, निर्जीव वस्तू जिवंत माणसासारखी वागते तो अलंकार, तोही आपोआप होतो. आमच्याकडे एका दप्तराने मालकाची तक्रार लिहिली होती. शेवटची सही 'आपलंच, चेन तुटलेलं'.

अर्धा_खडू
दोघांचंही थोडं थोडं करून बघितलं. एका मुलाचं आधीचं वाक्य: "मी सायकलवरून पडलो आणि सगळे खूप हसले." आधी तोंडी सांगायला लावलं, मग लिहायला. आता असं आहे:

"मी हात सोडून सायकल चालवत होतो. ताईला म्हटलं, बघ. ती बघते का ते बघायला मी तिच्याकडे बघितलं. खांबाकडे कोणीच बघत नव्हतं. ठण्ण."

'धाडकन' का नाही, विचारलं, तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाला, "बाई, खांब लोखंडी होता ना."

नवं दुखणं असं की अर्ध्या वर्गाला आवाजांची चटक लागलीये. आई धपकन हसते, घंटा फदकन वाजते. एकीचा तर सूर्यच पचकन मावळलाय. तो मी तसाच ठेवला.